बिजलीचे कागद

विमानाने बर्मिंगहॅमहून डब्लिन तासाभराचे. फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या अम्मी एक छोटी बॅग आणि औषधांची पिशवी घेऊन तिकडे गेल्या. सकाळचा चहा त्यांनी आमच्याकडे घेतला आणि जोहरची नमाज धाकटीच्या घरी अदा केली. त्यांच्या मांजरीला त्याच घरी पोचवायला मात्र आम्हाला एप्रिलपासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा काळ लागला. या मासिकाचे बरेच वाचक परदेशी राहतात, किंवा त्यांची मुले राहतात, आणि हल्ली घरोघरी मांजर असते. म्हणून हा सफर लिहून काढावा असे आम्हा दोघांना वाटले.

आधी घरची हकीकत. अब्बा आणि अम्मी मूळचे दापोली तालुक्यातले. अब्बा कारखान्यात नोकरीला म्हणून इंग्लंडला आले आणि पुढे अम्मीही आल्या. सगळे आयुष्य बर्मिंगहॅममध्ये गेले. बिजली ही मांजर अकरा वर्षांपूर्वी अब्बांनी शेजाऱ्यांकडून पिल्लू असताना आणली. नाव बिजली, पण चाल बैलगाडीची. अब्बा जानमाज अंथरू लागले की ही आधी येऊन त्यावर बसायची. अब्बा तिला उचलून बाजूला ठेवायचे आणि हजरत अबू हुरैरांचे नाव घेऊन हसायचे. गेल्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२४ साली, अब्बांचा इंतकाल झाला. अम्मींनी इद्दत याच घरात पुरी केली. त्या चार महिने दहा दिवसांत त्यांच्या खोलीत रात्रंदिवस सोबत होती ती बिजलीचीच. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत. दुपारी घरी कोणी नसे.

इद्दत संपली आणि रमजान आला. धाकटीने आग्रहाने डब्लिनला बोलावले. ईद करून परत यायचे असे ठरले होते, पण ईदनंतर धाकटीचा फोन आला की अम्मी इथेच राहू देत, इथे नातवंडे दिवसभर घरात असतात. अम्मीही हो म्हणाल्या. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात जुना करार आहे, त्यामुळे एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात व्हिसाशिवाय जाऊन राहू शकतो. माणसांचे काम असे सरळ. अम्मींनी एकच विचारले, "बिजली कधी येईल?"

आम्ही म्हणालो, पुढच्या आठवड्यात आणतो. अब्बांच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये बिजलीचा पासपोर्ट होता ना! २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही सगळे गाडी घेऊन फ्रान्सला गेलो होतो, तेव्हा केलेला. निळ्या रंगाची छोटी वही, आत तिचा फोटो, तिच्या कातडीखालच्या चिपचा पंधरा आकडी नंबर, रेबीजच्या लसीचा शिक्का. युरोपात त्या वहीवर कुठेही जाता येत असे.

इथून गोंधळ सुरू झाला.

जनावरांच्या दवाखान्यात फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, ही वही १ जानेवारी २०२१ पासून युरोपात शिरायला चालत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी दिलेले सगळे प्राण्यांचे पासपोर्ट एका रात्रीत निकामी झाले. आयर्लंड संघात आहे, म्हणून आता तिथे जाताना दर खेपेला नवे 'ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट' काढावे लागते. ते सरकारने अधिकार दिलेल्या डॉक्टरानेच द्यायचे, आणि मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत संघाच्या हद्दीत शिरायचे. एकदा शिरले की चार महिने त्यावर संघात फिरता येते आणि परतही येता येते. पुढच्या खेपेला पुन्हा नवे सर्टिफिकेट, पुन्हा नवी फी. आमच्या दवाखान्याची फी होती १६० पौंड. दुसऱ्या एका दवाखान्याने २०० च्या वर सांगितली.

शिवाय बिजलीची रेबीजची लस केव्हाच उलटून गेली होती. या देशात रेबीज नाही, त्यामुळे घरातल्या मांजराला ती लस कोणी टोचत नाही. गंमत अशी की आयर्लंडमध्येही रेबीज नाही. रेबीज नसलेल्या एका बेटावरून रेबीज नसलेल्या दुसऱ्या बेटावर जायला रेबीजची लस लागते. आम्ही हे अम्मींना फोनवर सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्या गावाला कुत्रा चावला तर सुई मिळवायला दापोलीपर्यंत धावायचे, आणि इथे कुत्रा नाही तरी सुई."

हे नियम कसे बदलत गेले ते थोडक्यात सांगायला हवे, कारण जो तो आपल्याला ठाऊक असलेल्या सालातला नियम सांगतो. २००० सालाआधी बाहेरून ब्रिटनमध्ये येणाऱ्या कुत्र्यामांजराला सहा महिने क्वारंटीनमध्ये काढावे लागत. त्या वर्षी फेब्रुवारीत ही सक्ती काही देशांपुरती उठली, लस आणि रक्ततपासणीवर काम होऊ लागले. २००४ साली युरोपचा निळा पासपोर्ट आला. २०१२ पासून ब्रिटनने युरोपातल्या प्राण्यांसाठी रक्ततपासणीची अट काढली, लस दिल्यावर एकवीस दिवस थांबले की पुरे. २०२१ ला पासपोर्ट गेला, सर्टिफिकेट आले. आमच्या मशिदीतले एक बुजुर्ग अजून सहा महिन्यांच्या क्वारंटीनचीच भीती घालतात. शेजारीण निळ्या वहीची शपथ घेते. दोघेही खोटे बोलत नाहीत, फक्त त्यांचे साल वेगळे.

लसीसाठी आम्ही वेळ घेतली, आणि त्याच सुमारास १९ मे रोजी बातमी आली की ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात नवा समझोता झाला आणि प्राण्यांचे पासपोर्ट परत येणार आहेत. घरात आनंदीआनंद. जावयांचा डब्लिनहून फोन आला की थांबा, १६० पौंड कशाला घालवता, आता पासपोर्टच मिळेल. आम्हीही थांबलो. ही आमची चूक. बातमीत 'येणार आहेत' असे होते, 'आले आहेत' असे नव्हते. दोन्ही बाजूंनी ठरवलेली ती नुसती दिशा होती, कायदा व्हायचा होता. तीन आठवडे आम्ही दर दोन दिवसांनी सरकारची पाने उघडून बघत होतो आणि तिथे तोच जुना नियम दिसत होता. एक शब्द वाचताना आपल्याला हवा तसा वाचला, की तीन आठवडे जातात.

या काळात अम्मी फोनवर बिजलीला बघायच्या. मांजर पडद्याकडे बघत नाही. अम्मी हाक मारायच्या, ती आवाजाच्या दिशेने फोनच्या मागे जाऊन शोधायची. धाकटीने आम्हाला नंतर सांगितले की अम्मी रात्री उठून पलंगाच्या पायथ्याशी हात फिरवतात.

मग जून आला आणि बेल्फास्टच्या भाच्याचा फोन. तो म्हणाला, "मामू, तुम्ही उगाच अडून बसलात. ४ जूनपासून उत्तर आयर्लंडची नवी सोय सुरू झाली. ऑनलाइन अर्ज करा, फुकट कागद मिळतो, तो मांजराच्या हयातभर चालतो. लस नको, सर्टिफिकेट नको, फक्त चिप हवी. स्कॉटलंडहून नाहीतर लिव्हरपूलहून बोटीने बेल्फास्टला या, एक रात्र आमच्याकडे राहा, आणि सकाळी डब्लिनला जा. दोन तासांचा रस्ता."

वाचकहो, ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांना सांगतो. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, आणि खालचा आयर्लंड वेगळा देश. पण न्यूरी गाव सोडून डंडॉककडे जाताना हद्द कुठे ओलांडली ते कळतही नाही. फाटक नाही, चौकी नाही, कोणी हात दाखवून थांबवत नाही. वेगाच्या पाट्यांवर मैलांच्या जागी किलोमीटर येतात, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते, बस्स. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ साली तिथे शांततेचा करार झाला, आणि त्या हद्दीवर पुन्हा चौकी उभी राहू नये म्हणून ब्रिटन संघातून बाहेर पडताना सगळी तपासणी समुद्रावर ढकलली गेली. बिजलीची अडचण खरे तर त्या मोठ्या प्रश्नाचे शेपूट होते.

आम्हाला मोह झाला, हे कबूल करतो. आम्ही अर्ज उघडला. नाव, चिपचा नंबर, पत्ता, सगळे पाच मिनिटांत भरून झाले. शेवटी एक जाहीरनामा होता. त्यावर कबूल करायचे होते की हे जनावर उत्तर आयर्लंडच्या पुढे आयर्लंडमध्ये किंवा संघाच्या दुसऱ्या कोणत्याही देशात नेले जाणार नाही.

आमच्यात दोन मते पडली. एकाचे म्हणणे, कोण बघतो? मांजर आहे, बंदूक नाही. अम्मी रात्री झोपत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे, टिकमार्क आपल्या हाताने करायचा आहे. बकरी ईदचा दिवस होता, फोनवर सगळ्यांच्या ईद मुबारक झाल्या, आणि आम्ही हळूच अम्मींपुढे विषय काढला. मालकीण त्या, सही त्यांची.

अम्मींनी पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "म्हणजे नेणार नाही असे लिहून द्यायचे आणि न्यायचे?"

"हो, पण तिथे कोणी विचारत नाही."

"विचारत नाही म्हणून तर लिहून घेतात ना बेटा." थोडा वेळ गप्प राहून त्या पुढे म्हणाल्या, "तुझे अब्बा पेन्शनच्या फॉर्मवर तारीख चुकली तर दुसरा फॉर्म आणायला दोन बस बदलून जायचे. त्यांच्या मांजरीला मी खोट्या सहीवर नाही आणणार. मला थोडे दिवस आणखी झोप नाही आली तरी चालेल."

विषय तिथेच संपला. दुसऱ्या आठवड्यात आम्ही बिजलीला दवाखान्यात नेले.

तिथे डॉक्टरांनी आधी चिप वाचली. ते बरोबर करतात. लस चिपच्या आधी टोचलेली असेल तर ती धरली जात नाही, पुन्हा टोचावी लागते. यंत्र बिजलीच्या मानेवरून फिरले, आकडे आले, त्यांनी नोंदणीच्या यादीत पाहिले आणि म्हणाले, मालक म्हणून अमुक नाव आहे. ते अब्बांचे नाव होते. बँक, वीज, घरपट्टी, टेलिफोन, सगळीकडून अब्बांचे नाव आम्ही एकेक करून काढले होते. हे एक राहून गेले होते. डॉक्टरांनी विचारले, "हे येऊ शकतील का सहीला?" आम्ही सांगितल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. चिपच्या नोंदीत नाव बदलायला आठवडा लागला. लस टोचून झाली, तिच्या दिवसापासून एकवीस दिवस मोजायचे ठरले.

आता फक्त सर्टिफिकेट घ्यायचे आणि बिजलीला घेऊन निघायचे, असे आम्हाला वाटले. दवाखान्यातल्या बाईंनी विचारले, मालकीण कधी प्रवास करणार? आम्ही म्हणालो, त्या तर फेब्रुवारीतच गेल्या. बाईंनी पेन खाली ठेवले.

नियम असा आहे. घरचे जनावर म्हणून साध्या सर्टिफिकेटवर न्यायचे असेल तर मालकाने स्वतः न्यावे, किंवा लेखी परवानगी देऊन दुसऱ्याकडून पाठवावे. पण दुसऱ्याने नेले तरी मालकाचा प्रवास आणि जनावराचा प्रवास यांत पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. अंतर वाढले की तो व्यापारी माल. मग कागद वेगळे, तपासणी वेगळी, बंदरातली जागाही वेगळी. धाकटीने तोडगा सुचवला की मांजर तुमच्या नावावर करा, तुम्ही मालक म्हणून घेऊन या, इथे आल्यावर अम्मींच्या नावावर करू. तेही बसेना, कारण जाहीरनाम्यात आणखी एक ओळ असते की हा प्रवास विकण्यासाठी किंवा मालकी बदलण्यासाठी नाही.

शेवटी पंचाहत्तरीच्या अम्मीच जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात विमानाने बर्मिंगहॅमला आल्या, आपल्या मांजरीला न्यायला. दार उघडले तेव्हा बिजली जिन्यावर होती. धावत वगैरे आली नाही. खाली आली, अम्मींच्या चपला हुंगल्या, आणि अम्मी सोफ्यावर बसल्या तशी त्यांच्या शालीवर चढून बसली. इशापर्यंत उठली नाही.

सर्टिफिकेट म्हणजे एक पान असेल असे आम्ही समजत होतो. तो दहा पानांच्या वरचा गठ्ठा निघाला, पानापानावर शिक्का आणि सही, न लागू होणाऱ्या ओळी रेघ मारून खोडलेल्या. फ्रान्समार्गे जाणाऱ्यांना ते इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही लागते, म्हणजे संघाच्या ज्या देशात पहिले पाऊल पडेल त्याच्या भाषेत. पुढे हॉलंडला जायचे असले तरी कॅलेला उतरणार असाल तर फ्रेंचच. आयर्लंडला इंग्रजीने भागते, तेवढी मेहेरबानी.

दुसऱ्या दिवशी फज्र पढून निघालो. बर्मिंगहॅमहून होलीहेड बंदर सुमारे दीडशे मैल. त्याला दोन रस्ते आहेत. एक डोंगरातून जातो, थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरने दोनशे वर्षांपूर्वी आखलेला. १८०१ साली आयर्लंड ब्रिटनला जोडला गेला, डब्लिनची टपाल आणि तिथले खासदार लंडनला लवकर पोचावेत म्हणून तो बांधला. आम्ही दुसरा धरला, उत्तरेकडून समुद्राच्या कडेने जाणारा, कारण वळणांवर बिजलीला उलटी होते आणि अम्मींना समुद्र बघायचा होता.

वेल्सची हद्द लागली की पाट्या दोन भाषांत होतात. इंग्रजीच्या आधी वेल्श. गावांत शिरताना रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत एक शब्द रंगवलेला दिसतो. अम्मींनी चष्मा सावरून अक्षरे जुळवली आणि त्या चकित झाल्या, "अराफ! सूरे अअराफ?" वेल्शमध्ये 'अराफ' म्हणजे सावकाश. त्यानंतर तो शब्द दिसला की त्या हळूच म्हणायच्या, "अराफ, बेटा, अराफ," आणि गाडीचा वेग खरोखर कमी व्हायचा.

कॉनवीला खाडीच्या काठी जुना किल्ला दिसतो आणि लगेच रस्ता खाडीखालच्या बोगद्यात शिरतो. अम्मींना हर्णैचा सुवर्णदुर्ग आठवला. त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचे तर हर्णैला होडीतून बोटीपर्यंत जावे लागे आणि पुढे भाऊच्या धक्क्यावर उतरत. "कोंबड्या, आंब्याच्या करंड्या, एकदा तर कोणाची शेळी होती बोटीत," त्या म्हणाल्या. "तिला कोणी कागद नाही विचारला." मेनाईची सामुद्रधुनी ब्रिटानिया पुलावरून ओलांडली. खाली पाणी वेगाने फिरत होते, आणि उजव्या हाताला थोड्या अंतरावर टेलफर्डचा झुलता पूल दिसला, १८२६ चा. पलीकडे अँगल्सी बेट, सपाट, हिरवे, दगडी कुंपणांचे. त्याच्याही टोकाला होलीहेड.

बंदर म्हणून होलीहेडला देखणे म्हणता येणार नाही. मोठे मोकळे डांबरी मैदान, आकडे घातलेल्या रांगा, मालमोटारी, वारा. रांगेत आमच्या पुढे एका आयरिश जोडप्याची गाडी होती, मागे लॅब्रॅडॉर. कुत्र्याला आयर्लंडला नेताना पट्टकृमीचे औषधही द्यावे लागते, तेही पोचण्याच्या किमान चोवीस आणि जास्तीत जास्त एकशेवीस तास आधी, आणि डॉक्टरने वेळ लिहायची. यांनी औषध आदल्या संध्याकाळी दिले होते. बोट पोचणार दुपारी. चोवीस तास भरत नव्हते. खिडकीतल्या मुलीने शांतपणे सांगितले की रात्रीच्या बोटीने जा. तो गृहस्थ चिडला नाही, नुसता स्टिअरिंगवर डोके टेकवून बसला. मांजराला ही अट नाही. आमच्या गाडीशेजारून तो रांगेबाहेर निघाला तेव्हा आम्हाला अपराधी वाटले.

खाण्याचाही प्रश्न होताच. ब्रिटनहून संघात मांस आणि दूध यांचे पदार्थ स्वतःपुरतेही नेता येत नाहीत. अम्मींनी नातवंडांसाठी शामी कबाब करायचे म्हटले होते, ते आम्ही मोडले. पण मासळीला मुभा आहे, माणशी वीस किलोपर्यंत. म्हणून अम्मींच्या पिशवीत सुकट आणि बोंबील मात्र ऐटीत निघाले. बिजलीच्या मांसाच्या डब्या घरीच राहिल्या. मांजर जाऊ शकते, तिचे जेवण नाही.

बोट सव्वातीन तासांची. जनावरांसाठी राखलेली एक केबिन आम्ही घेतली होती, नाहीतर बिजलीला खाली गाडीत एकटी ठेवावी लागली असती, आणि बोट चालू असताना गाडीपाशी जाऊ देत नाहीत. अम्मींनी खिडकीजवळ खुर्चीवर बसून जोहर आणि असर कसर करून पढल्या. जानमाज जमिनीवर अंथरली नव्हती, पण घडी करून पलंगावर ठेवली होती. बिजली पिंजऱ्यातून बाहेर आली, केबिनचा कोपरान् कोपरा हुंगला आणि त्या घडीवर जाऊन बसली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. अम्मींनी सलाम फेरला, तिला पाहिले, आणि नजर समुद्राकडे वळवली.

डब्लिनचा उपसागर आधी दोन उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या धुराड्यांनी ओळखू येतो. पूलबेगची ती धुराडी, वीजकेंद्राची. आता त्यांतून धूर निघत नाही, पण परतणारी माणसे ती दिसली की फोन काढतात. उतरल्यावर गाड्यांची रांग शहराकडे निघाली, आणि आम्ही पाट्या बघत जनावरांच्या तपासणीकडे वळलो. कोणी अडवले नव्हते. आपण होऊनच जायचे असते.

आत एक तरुण अधिकारी होता. त्याने यंत्र फिरवले, आकडा जुळवला, लसीची तारीख आणि दहा दिवस मोजले, गठ्ठ्याचे प्रत्येक पान उलटले. मग विचारले, "मालक कोण?"

आम्ही दोघे मागे सरकलो. अम्मी पुढे झाल्या, आपला पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मी."

सगळे मिळून दहा मिनिटे. चार महिन्यांची धास्ती दहा मिनिटांत संपली, याचा थोडा रागही आला.

इथे वाचकांसाठी एक गोष्ट, कारण परतल्यावर रत्नागिरीहून आणि पुण्याहून फोन आले की आम्हालाही मुलाकडे मांजर पाठवायचे आहे, तुम्ही केले तसे सांगा. आम्ही केले तसे भारतातून चालत नाही. ब्रिटन आणि युरोप यांच्याकडे देशांच्या याद्या आहेत. ब्रिटन युरोपच्या यादीत आहे, भारत ना युरोपच्या यादीत ना ब्रिटनच्या. भारतातून मांजर न्यायचे तर चिप, मग लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे, निकाल ०.५ किंवा त्याहून जास्त यायला हवा, आणि रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. म्हणजे पाच-सहा महिने आधी सुरुवात. शिवाय मुंबईच्या सरकारी प्राणी-क्वारंटीन कार्यालयाचा निर्यातीचा दाखला. ब्रिटनला विमानाने येणारे मांजर सहसा मालाच्या विभागातूनच यावे लागते, आपल्या मांडीवर बसून नाही. आखातातल्या भावंडांनीही शेजाऱ्याचे ऐकू नये. अमिराती आणि बहारीन यादीत आहेत, सौदी नाही. आणि हे आम्ही लिहितो आहोत ते २०२५ सालचे. आपण निघाल तेव्हा ज्या देशात जायचे त्या देशाच्या सरकारचे पान त्या आठवड्यात उघडून बघा, आमच्या लेखावर जाऊ नका. आम्ही एकदा बातमीवर गेलो होतो.

धाकटीच्या घरी बिजली पहिले दोन दिवस कपाटाखाली होती. तिसऱ्या रात्री अम्मींच्या पायथ्याशी आली. आम्ही चौथ्या दिवशी निघालो.

सप्टेंबरमध्ये अम्मींचा फोन आला. तिथल्या डॉक्टरांकडे नेऊन बिजलीला रेबीजची लस नव्याने टोचली आणि तिचा युरोपचा पासपोर्ट केला. आयर्लंडमध्ये दिलेली वही चालते, त्यामुळे आता ती अम्मींबरोबर आमच्याकडे येऊन परत जाऊ शकते. तीच निळी वही, तसाच पंधरा आकडी नंबर. मालकाच्या रकान्यात अम्मींनी स्वतःचे नाव लिहिले, सही केली, आणि जुनी वही परत अब्बांच्या फाइलमध्ये ठेवली.

"टाकून द्या ना ती, आता कशाला," धाकटी म्हणाली.

"असू दे," अम्मी म्हणाल्या. "त्यांची सही आहे तिच्यात."